शोधसाहेबांची खुर्ची

“दिवस मावळायच्या आत तो डबा सापडला नाही, तर तुमच्या विभागाला कुलूप!” मोठ्या बाई कडाडल्या.

सरकारने मालगाड्यांचा कारभार ताब्यात घेतल्यापासून बाई त्याच्या सर्वेसर्वा. त्यांच्यासमोर शोधसाहेब खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते. हरवलेले डबे शोधणाऱ्या विभागाचे ते प्रमुख. मागे एकदा ते जेवायला उठले, तर परत येईतो खुर्चीत दुसराच साहेब विराजमान. तेव्हापासून जेवणही खुर्चीतच.

बाकीचे डबे त्यांनी हुडकून काढले होते. कुणी गोदामाआड दडलेला, कुणी झुडपांत. एकात तर माल म्हणून पाठवलेल्या कोंबड्यांच्या नातवंडांनी संसार थाटलेला. राहिला होता एकच. मिठागरावर मीठ भरायला निघालेला रिकामा डबा याच यार्डातून गडप झाला होता.

कचेरीत जीव उकडून निघत होता. खोली लांबट, अरुंद, उन्हात तव्यासारखी तापायची. हिरवा रंग, खिडकीला पडदा, दाराशी कुंड्या. ही जागा मिळवून दिली दाजींनी. दाजी म्हणजे शोधसाहेबांच्या बहिणीचे यजमान आणि यार्डाचे मास्तर. ते कोपऱ्यात बशीतून चहा फुरकत होते.

“दाजी, डबा म्हणजे काय टाचणी आहे हरवायला?”

“मेव्हणे, माझ्या यार्डातून मुंगी जायची झाली तरी मला विचारून जाते.”

“मग डबा गेला कुठं?” शोधसाहेबांनी भिंतीवर मूठ आपटली.

ठण्ण! हिरव्या रंगाचा भलामोठा पापुद्रा गळून पडला. खाली पांढरा आकडा होता. बाईंनी चष्मा चढवला, आकडा वाचला, पुन्हा वाचला.

“अहो, हा तर तोच डबा!”

दाजींना ठसका लागला. “मेव्हणे, तुम्हीच म्हणालात ना, विभागाला बूड टेकायला जागा द्या! हा रिकामा उभा होता. दिला.”

शोधसाहेबांचा आनंद मात्र गगनात मावेना. “सापडला! दिवस मावळायच्या आत सापडला! विभाग वाचला!”

“वाचला,” बाई म्हणाल्या. “आणि नियमही तुमचाच. सापडलेला डबा पहिल्या गाडीने मुक्कामाला. दाजी, इंजिन लावा.”

बाई उतरल्या. दाजींनी कुंड्या उतरवल्या. इंजिन येऊन भिडलं तशी टेबलावरची दौत उलटली.

“उतरा मेव्हणे, गाडी सुटतेय!”

“खुर्ची सोडून? म्हणजे तुम्ही बसायला मोकळे!”

गाडी हलली. खिडकीतला पडदा बराच वेळ फडफडताना दिसत होता.

गाडी मिठागरावर पोहोचली. डबा पोहोचला नाही. हरवायची सवयच ती, एकदा लागली की सुटते थोडीच!

बाईंनी कपाळावर हात मारला आणि शोध विभागाचा शोध घेण्यासाठी ताबडतोब दुसरा विभाग काढला. प्रमुख म्हणून दाजींना नेमलं. खुर्ची आली, टेबल आलं, पण कचेरी मांडायला जागा कुठे होती?

“काळजी सोडा, बाई,” दाजी म्हणाले. “यार्डात एक रिकामा डबा उभा आहे.”