ठोकळ्यांवरची गाडी

शेजारचा इड्रिस वारल्यावर त्याच्या बायकोनं, ग्लेनिसनं, त्याची गंजलेली गाडी भंगारात न घालता मला दिली. तिचं इंजिन, गिअरबॉक्स आणि मैलांचं मीटर काढून मी गॅरेजमध्ये फायबरच्या नव्या बॉडीत बसवलं. गाडी अजून लाकडी ठोकळ्यांवर होती, चाकं खोक्यात. तरी दर रविवारी संध्याकाळी बघावं, तर मीटर चौदा मैलांनी पुढे.

"चष्मा बदल," बायको म्हणाली.

शेवटी कुंपणावरून विचारलंच, "ग्लेनिस, रविवारी इड्रिस कुठे जायचा गं?"

"चॅपलमधली प्रार्थना सुटली की आईकडे, डोंगरापलीकडच्या वृद्धाश्रमात. सात मैल जाणं, सात मैल येणं. तो गेल्याचं सासूबाईंना सांगायचा मला धीरच होत नाही. आणि त्या म्हणतात, दर रविवारी येतोय की तो."

काल रविवार. संध्याकाळी ग्लेनिस दारात आली. "सासूबाई गेल्या. दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्याच."

मी तिला बायकोजवळ बसवलं आणि गॅरेजमध्ये गेलो.



मीटर सातच मैल पुढे गेलं होतं.