मुरलेला साबण

"सूनबाई, साबणाची कूस का बदलली नाहीस?" सासऱ्यांनी बाथरूममधून विचारलं.

"विसरले, बाबा."

"विसरून कसं चालेल? एका कुशीवर पडून राहिला की बूड भिजतं. बूड भिजलं की कारभार आटोपला!"

सासरे जन्मभर एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. ते निवृत्त झाले आणि स्टोअर घरी आलं. नवा साबण आणला की ते त्याचा कागद काढत, कपाटात कपड्यांच्या घड्यांमध्ये उघडाच ठेवत आणि महिनोन्महिने वाळू देत. आधी आलेला माल आधी बाहेर, हा नियम. "कच्चा साबण वापरायचा नसतो, तो मुरावा लागतो," असं ते येईल त्याला सांगत. बाथरूममध्ये लाकडी पट्ट्यांची साबणदाणी होती, नळापासून चांगली लांब. अंघोळ झाली की साबण फडक्याने टिपायचा आणि कूस बदलून ठेवायचा. असा एक साबण चार माणसांना पाच महिने पुरे. आजूबाजूला त्याचा फार बोलबाला होता.

सुनेला हे सगळं पटत होतं. अडचण एवढीच की तो साबण अंगाला लागत नव्हता. मुरून मुरून त्याचा पार दगड झालेला. फेस येईपर्यंत बादलीतलं पाणी गार व्हायचं. लग्नानंतर आठवडाभर तिने सोसलं, मग गुपचूप गुलाबाचा एक मऊ साबण आणला. बाथरूमच्या फळीवर धुण्याच्या पावडरचा रिकामा डबा होता, त्यात तो लपवला. पावडरच्या डब्याला त्या घरातल्या पुरुषांचा हात लागल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

एके दिवशी सासूबाईंनी तिला डब्यात हात घालतानाच पकडलं. आता काही खरं नाही, असं तिला वाटलं. सासूबाईंनी दार लोटून घेतलं आणि जुन्या पर्समधून स्वतःची चंदनाची वडी काढून दाखवली.

"यांना बोलू नकोस हं. आमच्या चिरंजीवांचाही असतो, दाढीच्या पेटीत."

"अगं बाई! मग बाबांचा साबण झिजतो कसा?"

"एका माणसाने कितीसा झिजणार? एकदा यांनी विचारलं, या घरात कुणी अंघोळ करतं की नाही? तेव्हापासून आम्ही दोघं पाळीपाळीने तो फरशीवर घासतो. आता तूही ये पाळीत."

सून पाळीत आली. खोटेपणाचं तिला वाईट वाटे, कारण सासरे तिला मनापासून आवडत. साबणाचं सगळं शास्त्र त्यांनी तिला पोटच्या मुलीसारखं शिकवलं होतं. ते सगळं ती आपल्या गुलाबाला लावत असे. टिपायचा, वाळवायचा, कूस बदलायची. तरी मेला लोण्यासारखा वितळायचा. जातच मऊ, त्याला कोण काय करणार, असं म्हणून ती दुसरा आणायची.

मग मास्तर उपटले. चौकातल्या बाकावर संध्याकाळी निवृत्त मंडळी बसत, त्यातले हे विज्ञानाचे मास्तर.

"चार माणसं, पाच महिने, एक साबण? उगाच बाता मारू नका," ते सगळ्यांसमोर म्हणाले.

सासऱ्यांचं डोकं फिरलं. "रविवारी घरी या. खोटं निघालं तर या बाकावर पुन्हा बसणार नाही!"

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा बाकीची तिघं स्वयंपाकघरात जमली. त्या बाकाशिवाय सासऱ्यांना दुसरं होतं काय? तो सुटला तर माणूस घरात बसून खंगला असता.

"आणि आपल्यालाही खंगवलं असतं," सासूबाई म्हणाल्या.

रविवारी सकाळी मास्तर हजर. त्यांनी साबण नखाने खरवडला, साबणदाणीवर ठोकून पाहिला. सासरे शेजारी हात मागे बांधून उभे होते, स्टोअरमध्ये माल तपासणी चालायची तेव्हा उभे राहत तसे.

"कडक आहे खरा," मास्तर म्हणाले. मग त्यांनी तो हुंगला. "लिंबाचा वास. म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या हातांना हाच वास यायला हवा. अंघोळी झाल्यात ना? चला, हात पुढे करा."

"अगंबाई, मी तर लसूण सोलत होते," म्हणत सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. चिरंजीवांना एकाएकी स्कूटरचं चाक आठवलं आणि ते जिना उतरले. उरली सून. तिच्या हातात चहाचा ट्रे होता.

"सूनबाई, ट्रे ठेवा जरा."

"खबरदार!" सासरे असे कडाडले की मास्तरांच्या हातून साबण निसटला. "माझ्या घरात येऊन माझ्या सुनेचे हात हुंगणार? मास्तर आहात की पोलिसांचं कुत्रं?"

"अहो, तसं नव्हे..."

"तसंच! साबण बघायला बोलावलं होतं, बघितलात. आता चहा घ्या आणि कबूल करा."

मास्तरांनी चहा घेतला आणि कबूल केलं. जाताना कपाटातला एक मुरलेला साबणही मागून नेला. बाक वाचला.

सुनेचे डोळे भरून आले. हा भोळा माणूस आपल्यासाठी जुन्या मित्रावर तुटून पडला, आणि आपण त्यालाच फसवतोय. तिला राहवेना.

"बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय. फळीवर तो पावडरचा डबा आहे ना..."

"काही सांगू नकोस पोरी, काही नको," सासरे घाईघाईने म्हणाले, आणि तिच्या डोक्यावर थोपटायला त्यांनी मागे बांधलेला हात सोडवला. तो तिच्या नाकासमोरून वर गेला, तसा गुलाबाचा घमघमाट सुटला.