दुसऱ्याच्या हातचं चाक

इन्स्पेक्टरसाहेबांनी बॉयलरच्या माथ्यावरच्या चाकाकडे बोट केलं आणि म्हणाले, "ते जरा फिरवून दाखवा."

गहिनीनाथनं वर पाहिलं. साखर कारखान्याच्या दोन बॉयलरांपैकी हा त्याच्या ताब्यातला. दसऱ्यानंतर एकाहत्तर सालचं उसाचं गळीत सुरू व्हायचं होतं, त्याआधीची ही तपासणी. तिच्यासाठी तो आठवडाभर राबला होता. पुढचा भाग काळ्या रंगानं रंगवला, पितळी नळ राखेनं घासून लखलखीत केले, वाळूच्या बादल्या तांबड्या केल्या. वर मात्र चढला नव्हता. वाफेचा मोठा व्हॉल्व्ह बंद हंगामातही रोज हातानं उघडझाक करावा, असा नियम भिंतीवरच्या पत्र्यावर लिहिलेला होता. तो पत्रादेखील त्यानं पुसून घेतला होता. व्हॉल्व्हच्या चाकाला उन्हाळ्यापासून हात लावला नव्हता.

शिडी चढतानाच त्याला धाप लागली. खाली दुसऱ्या बॉयलरवरचा आसाराम हाताची घडी घालून उभा होता. त्याला बघून गहिनीनाथचं टाळकं आणखीच तापलं. दोघं एकाच तालमीतले. गहिनीनाथ वयानं मोठा, अंगानं दांडगा. पण यात्रेतल्या कुस्त्यांचा हगामा जवळ आला की तेवढ्यापुरता तालमीत जायचा, दूध-बदाम चापायचा, आणि कुस्त्या झाल्या की लंगोट खुंटीला. आसारामनं तर कुस्ती केव्हाच सोडली होती, तरी त्याच्या पहाटेच्या दंडबैठका सुटल्या नव्हत्या.

"कुस्ती धरायची न्हाई, मग कुनासाठी मारतो दंड?" गहिनीनाथनं त्याला एकदा विचारलं होतं.

"सवय हाय," आसाराम म्हणाला होता.

तेच गहिनीनाथला खुपायचं. ह्याची एक तरी पहाट चुकलेली सापडावी म्हणून तो कितीदा तरी आडवाट करून तालमीवरून गेला होता. दरवेळी आतून दंड मारतानाचा श्वास ऐकू यायचा, आणि दिवसभर त्याला अन्न गोड लागायचं नाही.

आता खाली चीफ इंजिनिअर उभे होते. हेड अटेंडंटची जागा रिकामी होती आणि ती आज ठरायची होती. गहिनीनाथनं चाक दोन्ही हातांनी धरलं, पाय रोवले आणि सगळं अंग टाकून हिसका दिला.

चाक लोण्यासारखं फिरलं. गहिनीनाथ कठड्यावर जाऊन आदळला.

"अहो, हळू," साहेब खालून हसले. "छान हलकं ठेवलंय. रोज फिरवता वाटतं?"

गहिनीनाथनं तळहाताकडे पाहिलं. हाताला तेल लागलं होतं. स्वच्छ, ताजं तेल.

"व्हय साहेब," तो म्हणाला. "रोज."

मग आसाराम आपल्या बॉयलरवर चढला. त्याचं चाकही असंच फिरलं. पण त्याच्या बॉयलरच्या तोंडाचा रंग पोपडे धरून गळत होता, आणि चीफसाहेबांनी ते बघून नाक मुरडलं. दुपारी हेड अटेंडंट म्हणून गहिनीनाथचं नाव लागलं. फायरमन मंडळींनी पेढे मागितले. गहिनीनाथनं हसत पेढे मागवले, स्वतः मात्र एकही खाल्ला नाही.

सुट्टीच्या भोंग्यानंतर त्यानं आसारामला नळावर गाठलं. आसाराम हातपाय धूत होता.

"माझ्या चाकाला हात कुनी लावला?"

"मीच. सकाळी माझं फिरवायला वर चढतो. तितंच तुमचंबी हाय. दिलं फिरवून."

"मला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं हुतं की, पावसाळ्याच्या तोंडाला. जड जातंय म्हनलं हुतं. तुमी म्हनला, तपासनी आली की बघू."

गहिनीनाथला ते आठवलं. "मग साहेबांपुढं का गप बसला? तुला जागा मिळाली असती."

"ते जाम ऱ्हायलं असतं तर एखाद्या दिवशी वाफ बंद करता आली नसती, भाऊ. खाली मानसं असत्यात." आसारामनं खांद्यावरचा पंचा ओढून तोंड पुसलं. "जागंचं काय, कुनाला तरी मिळायचीच हुती."

त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तरी गहिनीनाथला बरं वाटलं असतं. चाक जाम निघालं असतं, सगळ्यांसमोर शोभा झाली असती, तरी चाललं असतं, असंही त्याला त्या क्षणी वाटून गेलं.

"उद्यापासून माझ्या चाकाला हात लावायचा न्हाई," तो म्हणाला. "माझं मी बघून घेईन."

"बरं," आसाराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गहिनीनाथ पहिल्या भोंग्याच्या आधीच आला. आसाराम वर होता. त्यानं आपलं चाक फिरवलं, फडक्यानं पुसलं, गहिनीनाथच्या चाकापाशी आला आणि त्याला वळसा घालून शिडीवरून खाली उतरला. श्वाससुद्धा वाढला नव्हता त्याचा.

"जा, भाऊ," म्हणून त्यानं शिडी मोकळी करून दिली.

गहिनीनाथ चढला. अर्ध्यावर थांबला, कमरेला हात लावला, पुन्हा चढला. आसाराम खालून बघत असणार, आपली धाप मोजत असणार, अशी त्याची खात्री होती. वर पोचल्यावर त्यानं मान ताठ केली, दोन्ही हातांनी चाक धरलं आणि खाली पाहिलं.

आसाराम निघून गेला होता. बॉयलरघरात बघायला कुणीच नव्हतं.

गहिनीनाथ चाक धरून तसाच उभा राहिला.