दुपट्ट्याखालचा भाव

“चार बोटं दाबली गा!” तुळसाबाई एवढ्यानं ओरडल्या की काटोलचे संत्र्याचे व्यापारी मनोहरराव दचकलेच.

दोघांचे हात दुपट्ट्याखाली होते. एक बोट म्हणजे साऱ्या बहाराचे एक हजार रुपये. भाव बोटं दाबून ठरवायचा, तोंडानं नाही, म्हणजे पलीकडे कडुनिंबाखाली पाळीची वाट पाहत बसलेल्या दुसऱ्या व्यापाऱ्याला, श्रीधरशेठना, पत्ता लागत नाही. बापजाद्यांपासून हेच चालत आलं होतं.

“अवो बाई, बोंबलून काहून राहिल्या? मंग दुपट्टा कायले टाकला मी?”

“बगीचा माह्या एकटीचा आहे का? बाकीच्या एकवीस मालकायले कसं समजन?”

मागे उभ्या एकवीस जणांनी माना डोलावल्या. सरकारनं दिलेल्या पडीत जमिनीवर बावीस भूमिहीन घरांनी मिळून लावलेली ही बाग, आणि तिचा हा पहिलाच बहार. तुळसाबाई त्यांच्या संस्थेच्या यंदाच्या अध्यक्ष. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात निंदण केलेली बाई, सौद्याला कधी बसलीय! पाच हजारांच्या खाली गेलं तर विहिरीवर इंजिन बसणार नव्हतं. झाडं वाळली असती आणि बावीसच्या बावीस घरं पुन्हा लोकांच्या बांधावर रोजीनं गेली असती.

दुपट्टा पुन्हा हलला, चार बोटं आणि वर अर्धं.

“साडेचार झाले वं पंचफुला!” तुळसाबाईंनी मागच्या मालकांतल्या पंचफुलाला हाळी दिली.

“माहे पाच!” कडुनिंबाखालून श्रीधरशेठ उठलेच.

असा हशा पिकला की झाडावरचे पोपट उडाले. मनोहररावांनी दुपट्टा फेकला आणि दोन्ही हात वर करून सहा बोटं सगळ्यांना दाखवली. “सहा! घ्या, पाहा सारे जण!”

तुळसाबाईंनी मागे वळून पाहिलं. देवाजी हसत होता, पंचफुला पदरानं डोळे पुसत होती. कुणाचंच काही म्हणणं नव्हतं.

“द्या टाळी. सौदा पक्का,” म्हणत मनोहररावांनी हात पुढे केला.

तुळसाबाईंनी सणसणीत टाळी दिली. मग पंचफुलानं दिली. मग देवाजीनं.

“आता हे काय?”

“एकटीच्या टाळीनं कसा पक्का होईन, भाऊ?”

मनोहररावांचा तळहात लालभडक झाला होता, आणि अजून एकोणीस जण बाह्या सारून रांगेत उभे होते.