दिवसभर आई कुठे असते?

आईपासून दिवसभर दूर राहणाऱ्या तान्ह्या बाळांच्या मेंदूवर काय परिणाम होतो, या एका प्रश्नावर मॅडमनी दहा वर्षं घासली होती. स्वतःच्या छकुलीला सांभाळायला बाई ठेवताना मात्र त्यांनी एजन्सीला बजावलं होतं, "घरी तान्हं मूल असलेली नको. सगळं लक्ष तिकडेच असतं."

आज एक आजी नातवाला तपासणीसाठी घेऊन आली. पाच महिन्यांचं पोर. डोक्यावर तारांची टोपी चढवली तरी हूं नाही की चूं नाही. फॉर्म भरता भरता मॅडम जरा तिखटच बोलल्या, "एवढ्याशा जिवाला टाकून आई रोज जाते तरी कुठे?"

टेबलावरच्या छकुलीच्या फोटोकडे बघून आजी ओळखीचं हसली.



"हिला सांभाळायला."