आतलं बटण

गाड्यांची कुलपं दुरुस्त करण्यात माझी तीस वर्षं गेली, पण एकाही कुलपाने मला असं वेड्यात काढलं नव्हतं.

बाईंनी नवऱ्याची गाडी आणली होती. नवऱ्याला जाऊन महिना झाला होता. ड्रायव्हरच्या दारात किल्ली जायची, फिरायची मात्र नाही. पलीकडच्या दाराने चढून, सरकत सीटवर येऊन त्यांनी ती इथवर चालवली होती.

कुलूप काढून टेबलावर घेतलं, तर किल्ली अलगद फिरली. दारात बसवलं की पुन्हा ठप्प. शेवटी कुलपापासून आतल्या बटणापर्यंत जाणारी सळई सोडवली आणि किल्ली लगेच फिरली. म्हणजे कुलूप बिचारं निर्दोष होतं; अडत होतं ते बटण.

"आतून कोणीतरी दाबून धरलंय जणू," मी हसत म्हणालो.

बाई हसल्या नाहीत. "भांडण झालं की हे असंच करायचे. मी माफी मागेपर्यंत दार उघडायचे नाहीत."

मी सळई परत जोडली. बाई काचेपाशी वाकल्या आणि शाळेतल्या मुलीसारख्या म्हणाल्या, "चुकलं माझं."

टक्. बटण वर आलं. किल्ली माझ्या खिशात होती.

मी "थांबा" म्हणेपर्यंत त्या आत बसल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं. चारही बटणं एकदम खाली गेली. मी धावत किल्ली घातली. ती फिरेना.

काचेतून पाहिलं. कोणी जोर लावून दाबावं तसं बटण थरथरत होतं. बाईंचे तर दोन्ही हात काचेवर आपटत होते.