शहाजीरावांचा दिवस

पाहुणा दारात येऊन उभा राहिला तेव्हा ऊर्मी तिच्या बाबांच्या फोटोखाली तांदळाच्या पिठाची रांगोळी, कोलम, काढत होती.

"शहाजीचं घर हेच की?" त्यानं विचारलं. मराठी तंजावरी वळणाची, शब्दाशब्दाला हेलकावे घेणारी. सत्तरीचा माणूस, डोक्यावर एक केस नाही, पांढरी दाढी. "मी नागोजी. एग्मोरला रेल्वेच्या ऑफिसात आम्ही एका टेबलावर होतो. दरवर्षी आज त्याचा दिवस करता, असं कानावर आलं."

"या, या!" रत्नाकर उठलेच. इतक्या वर्षांत शहाजीरावांच्या ऑफिसातलं कुणी आलं नव्हतं. "ऊर्मी, बाबांचे मित्र आलेत."

शहाजीराव गेले त्याला छत्तीस वर्षं झाली होती. ऊर्मी तेव्हा तीन वर्षांची, मकरंद पाळण्यात. पुढे दोन वर्षांनी, मद्रासजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात नोकरीला असलेल्या रत्नाकरांनी अलकनंदेशी लग्न केलं आणि ते मैलापूरच्या या घरात राहायला आले. आल्या आल्या त्यांनी शहाजीरावांचा फोटो पेटीतून काढून भिंतीवर लावला. मुलांनी आपल्याला काका म्हणायचं, हेही त्यांनीच ठरवलं. बाबा ही हाक फोटोतल्या माणसाची.

तेव्हापासून हा दिवस कधी चुकला नाही. श्राद्ध नाही, भटजी नाही. शहाजीरावांना असलं काही पटत नसे, असं रत्नाकर सांगत. चारी ठाव स्वयंपाक, आणि जेवणं झाली की शहाजीरावांच्या गोष्टी. मकरंद इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातून रजा टाकून यायचा. या वर्षी तेवढी त्याला रजा मिळाली नव्हती.

अलकनंदा आमटीचं भांडं घेऊन बाहेर आल्या. पाहुण्याला पाहून जराशा थांबल्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "पान वाढलंय."

म्हातारा खाली मान घालून जेवला. जेवणं आटोपल्यावर ऊर्मीची मुलगी संयुक्ता रत्नाकरांना येऊन बिलगली. "आजोबा, पुराची गोष्ट आधी!"

रत्नाकरांनी बैठक मारली. त्या वर्षी मद्रास पाण्याखाली गेलं होतं. बस बंद, ऑटो बंद. ऊर्मी तापानं फणफणलेली. शहाजीराव एग्मोरहून चालत निघाले. औषधाची बाटली टॉवेलात गुंडाळून डोक्यावर बांधलेली, छातीपर्यंत पाणी. चार तासांनी घरी पोचले आणि पहिला प्रश्न विचारला, पोरीनं काही खाल्लं का?

संयुक्तेनं नेहमीच्याच जागी टाळी वाजवली.

मग वेणीची गोष्ट. अलकनंदेचा हात मोडला तेव्हा शहाजीराव शेजारच्या मामींच्या पायरीवर बसून, नारळाच्या दोरीवर हात बसवून वेणी घालायला शिकले. महिनाभर पोरीच्या वेण्या वाकड्या आणि बाप मात्र ताठ!

अलकनंदांनी सगळ्यांना कॉफी दिली. संयुक्तेनं चिमट्यानं साखरेचे खडे वाटले. पाहुण्याकडे वळली तशी अलकनंदा म्हणाल्या, "त्यांना नको." पाहुण्यानं पेला उचलला आणि मुकाट्यानं पिऊन टाकला. रत्नाकरांनी एकवार बायकोकडे पाहिलं, घसा खाकरला आणि गोष्ट पुढे नेली.

"रथाच्या दिवशी खांद्यावर बसवून न्यायचे, ते मी सांगणार," ऊर्मी म्हणाली. "कपालीश्वराच्या देवळाभोवतीच्या चारी रस्त्यांवर मुंगी शिरायला जागा नसायची. पण मला सगळं दिसायचं. बाबांचे केस मी दोन्ही मुठींत धरलेले असायचे. ओरडायचे नाहीत कधी."

"तीन वर्षांची होतीस ना, बाळा?" पाहुण्यानं विचारलं. "इतकं आठवतं?"

"ते खांदे आठवतात. खरंच आठवतात," ऊर्मी म्हणाली. "शाळेत कुणी काही बोललं ना, की मी म्हणायची, माझे बाबा कसे होते तुम्हाला माहीत नाही. आजही काही अडलं तर तेच मनात येतं."

म्हाताऱ्यानं पंच्यानं डोळे पुसले. ऊर्मीलाही भरून आलं. बाबांसाठी इतक्या वर्षांनी कुणीतरी रडणारं भेटलं, याचंच तिला अप्रूप. तिनं वाकून नमस्कार केला. म्हाताऱ्याचा हात तिच्या डोक्यावर जाता जाता हवेतच थांबला. मग टेकला.

चार वाजता तो निघाला. अलकनंदा दारापर्यंत आल्या नाहीत. रत्नाकर त्याला ऑटोपर्यंत सोडायला गेले. दुपारचं ऊन उतरलं होतं. देवळाच्या तळ्यावरून वारा येत होता. रत्नाकरांचं पोट भरलेलं होतं आणि मनही.

"पुराच्या त्या दिवशी," म्हातारा चालता चालता म्हणाला, "शहाजी घरी आलाच नव्हता. पोर तापली होती हे त्याला ठाऊक होतं. तरी आला नाही."

"ठाऊक आहे मला."

"वेणीबिणी तर..."

"ती मी शिकलो. मामींकडेच." रत्नाकर हसले. "मुलगी रोज विचारायची हो, माझे बाबा कसे होते? काहीतरी सांगायला हवं होतं."

म्हातारा थांबला. "मग खांदे?"

रत्नाकरांनी ऑटोला हात केला, तमिळमध्ये एग्मोर स्टेशन सांगितलं आणि म्हाताऱ्याला दंडाला धरून आत बसवलं. त्याचं धोतर चाकात जाऊ नये म्हणून आत सारलं. म्हाताऱ्यानं हात जोडले.

"पुढच्या वर्षीही या, शहाजीराव," रत्नाकर म्हणाले. "तुमच्याबद्दल अजून पुष्कळ सांगायचं राहिलंय."